मागच्याला काही न देण्याबाबत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, धंद्याने काचवाला, आता धंदा आवरून बसलेला, राहणार जुन्या शाळेमागच्या गल्लीत तळमजल्यावर, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे अधू झाले, गुडघे कुरकुरतात, आणि छातीचे डॉक्टर गेल्या खेपेला माझ्याशी न बोलता माझ्या मुलीशी बोलले, त्यावरून समजायचे ते मी समजलो. पण बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी डॉक्टरांनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. ते मी म्हटले, आणि वर, कुणी न विचारता, चौथीच्या पुस्तकातली वाटसरूची कविता म्हणायला घेतली. दुसरे कडवे संपायच्या आत दाखल्यावर शिक्का बसला होता.

हे मी कुणाच्या धाकाने, भिडेने किंवा भरीला पडून लिहीत नाही. मुलगी पलीकडच्या खोलीत आहे खरी, पण ती माझ्यावर दडपण आणत नसून माझी औषधाची बाटली शोधते आहे.

वकीलबाईंनी मला एक छापील पान दिले होते. "आजोबा, रिकाम्या जागा भरा, की झालं." रिकाम्या जागा भरा हा प्रश्न मला शाळेतही कधी आवडला नाही. माझा प्रश्न म्हणजे संदर्भासह स्पष्टीकरण द्या. तेव्हा हे सारे मी हाताने लिहीत आहे, रोज थोडे, जसा दम टिकेल तसे. "निदान कलमांना आकडे तरी घाला," एवढी विनवणी बाईंनी केली, ती मान्य केली आहे.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात आणि यात फरक एकाच माणसाचा आहे.

कलम १. साक्षीदार.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यांनी मजकूर वाचायचा नसतो. मी सही करताना बघायचे आणि मग आपली सही करायची. पहिले साक्षीदार माझे शेजारी शिंपीदादा. दुसऱ्याची जागा मी कोरी ठेवली आहे. ती मागच्याची आहे.

मागचा म्हणजे माझा भागीदार. आम्ही दोघांनी जन्मभर काचेचे दुकान चालवले. आता तो माझ्याशी संबंध ठेवत नाही. आमचे भांडण झालेले नाही. त्याने विचार करून, माझ्या घरी येऊन, नीट सांगून आमची मैत्री संपवली. ते कसे, ते योग्य कलमात येईल.

जुन्या मृत्युपत्रात मी अर्धे जग त्याच्या नावे केले होते. हत्यारे त्याला, कापायचे टेबल त्याला, बाहेरच्या खोलीतली हातांची खुर्ची त्याला. मग वकीलबाईंनी कायदा सांगितला की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने त्यावर साक्ष करू नये. ते ऐकून मी घरी आलो आणि खुर्चीत बसून विचार केला. त्याला काही दिले, तर तो ते घेईल की परत पाठवील हे मला कळायची सोय नाही, कारण तेव्हा मी नसेन. काहीच दिले नाही, तर मी जिवंत असताना त्याला एकदा या खोलीत बोलावता येईल. टेबलाच्या पलीकडे तो बसेल. मी सही करताना माझ्याकडे बघणे त्याला कायद्याने भाग पडेल.

म्हणून मागच्याला मी काहीही देत नाही. हे रागाने लिहिलेले नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

तो येईल की नाही हे आज, हे कलम लिहिताना, मला ठाऊक नाही. निरोप मुलीबरोबर पाठवला आहे.

कलम २. घर.

राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची फरसबंद जागा, माझ्या एकुलत्या एक मुलीला. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, जावयाच्या डोक्यात काही भलते आले तर तेवढे मात्र करू नये.

स्वयंपाकघरातल्या खिडकीविषयी दोन शब्द. काचवाल्याच्या घरात ती खिडकी कितीतरी वर्षे पुठ्ठा लावून होती. मुलीची आई म्हणायची, "साऱ्या जगाला उजेड बसवून येता आणि माझ्या ओट्यापुढं पुठ्ठा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." मी म्हणायचो, उद्या. उद्यावरची एक कविताही ऐकवायचो. एके दिवशी मी वसुलीला बाहेर गेलो होतो, तेव्हा मागचा येऊन काच बसवून गेला. मापाला केव्हा आला होता कुणास ठाऊक. मला चार दिवस कळलेही नाही. कळले ते तिने सांगितल्यावर.

ही मला भेटली तीही काचेपायीच. ती ज्या वाचनालयात काम करायची तिथल्या खिडक्यांचे काम आम्हाला मिळाले होते. मी शिडीवरून बोलत होतो, तो खाली काच धरून उभा होता. पुढे लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर ती चारचौघांत सांगायची, "मला आधी खालचाच आवडला होता. पण त्यानं काही विचारलंच नाही, आणि हे विचारत सुटले." सगळे हसायचे. मी सर्वांत मोठ्याने हसायचो. तोही हसायचा, असे मला आठवते.

ती गेली तेव्हा तो दाराशी उभा होता, दिवसभर. येणाऱ्यांच्या चपला तो नीट लावून ठेवत होता. मी आत बोलत होतो.

कलम ३. पुढचा आणि मागचा ही नावे कशी पडली.

वकीलबाई म्हणतात या कलमात देण्याघेण्यासारखे काही नाही, तर गाळा. मी गाळत नाही. याच्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आम्ही एका शाळेत, एका वर्गात. तो माझ्या मागच्या बाकावर. वाटसरूची कविता पाठ म्हणायची होती. मास्तरांनी मला उभे केले. मी सुरुवात झोकात केली:

थांब जरासा, वाटसरा तू,
ऊन अजुन हे कलले नाही;

आणि पुढचे सगळे पुसले गेले. फळ्यावर ओले फडके फिरवावे तसे. मास्तर छडी शोधू लागले. तेवढ्यात मागून, ओठ न हलवता, आवाज आला, "दार उघडले." मी धरले:

दार उघडले, पाणी भरले,
कुणीच येथे बसले नाही.

मास्तर म्हणाले शाबास. शाबासकी मला मिळाली. मधल्या सुट्टीत मी त्याला विचारले, "तुला येते तर तू का नाही हात वर केलास?" तो म्हणाला, "मला म्हणायची नव्हती, मला नुसती येत होती." तेव्हापासून आम्ही एकत्र. मैत्री कशी जमते याचे यापेक्षा चांगले उत्तर मला आजवर सापडलेले नाही. एकाचे अडते आणि दुसऱ्याला येत असते.

पुढे दोघे एकाच म्हाताऱ्याच्या हाताखाली काचेचे काम शिकलो. मोठी काच दोघांनी उभी धरून न्यायची असते, एक पुढे, एक मागे. पुढच्याला रस्ता दिसतो, मागच्याला पुढच्याची पाठ. म्हणून बोलायचे ते पुढच्याने. "पायरी." "डावीकडे." "कुत्रं." मागच्याने चकार शब्द काढायचा नाही, कारण मागून आवाज आला की पुढच्याची मान वळते, मानेबरोबर खांदा वळतो, आणि काचेला पीळ सोसत नाही. मागच्याला काही अडचण आली तर त्याने फक्त थांबायचे. थांबलेला माणूस काचेतून हाताला कळतो. तो चालतो आहे, म्हणजे सगळे ठीक आहे.

पुढे कोण, मागे कोण, हे आम्ही कधी ठरवले नाही. रस्ता सरळ लागला की सूचना द्यायला काही उरत नसे, मग मी कविता म्हणत असे. बाजारातले लोक म्हणायचे, कविता ऐकू आली की बाजूला व्हावे, काच येते आहे. त्यांनीच आमची नावे पाडली. पुढचा नि मागचा. पत्रेसुद्धा त्या नावांनी येत.

काच टेकवली की नियम संपायला हवा होता, असे मुलगी म्हणते. पण हाताला वळण पडते तसे माणसालाही पडते. दुकानाची जागा कुठे घ्यायची, पाटीला कोणता रंग द्यायचा, सुट्टी कोणत्या वारी, त्याच्यासाठी स्थळ कोणते बघायचे, म्हातारपणी दुकान कुणाला विकायचे, हे सारे मी बोलत गेलो आणि तो चालत राहिला. चालतो आहे म्हणजे त्याला ते मान्य आहे, असे मी धरले. दुसरे काय धरणार? थांबायचे कसे हे त्याला माहीत होते.

कलम ४. हत्यारे.

काच कापायचा हिरा चौकटीवाल्या बाईला, म्हणजे बाजारात तसबिरींना चौकटी करते तिला. तिला तो पातळ काचेवर चालवता येईल. खरे तर तो हिरा मागच्याच्या हाताचा. माप मी घ्यायचो, बोलायचो मी, पण रेघ ओढायचा तो. एकच रेघ, एका दमात, चर्रर्र. मग खालून एक टिचकी, आणि काच सांगितल्यासारखी दोन होई. माझ्या हातून ती रेघ नेहमी शेवटी चुकायची. हिरा माझ्याकडे राहिला, कारण दुकान विकले त्या दिवशी सामानाची वाटणी मी केली.

पुट्टीची पाती, चुका म्हणजे बारीक खिळे ठोकायची छोटी हातोडी, चामड्याचे हातमोजे आणि टेबलावरचे जाड कांबळे ज्याला हवे त्याने न्यावे. कुणाला नकोच असले तर हातमोजे तेवढे टाकू नयेत. चार हात आहेत, दोन मोठे, दोन लहान. लहान माझे.

कलम ५. आरसा.

बाहेरच्या खोलीतला उभा आरसा मी शिंपीदादांना देणार होतो. त्यांचा त्यावर डोळा आहे आणि ही गोष्ट ते लपवतही नाहीत. येतात ते आरशापुढे उभे राहूनच माझी चौकशी करतात. "कशी आहे तब्येत?" हे ते स्वतःच्या प्रतिबिंबाला विचारतात. पण ते पहिले साक्षीदार झाले. त्यांना कायदा सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे सही केली की आरसा गेला?"

"गेला."

"मग आमच्या हिच्या नावे करा."

"बाई म्हणतात, बायकोही चालत नाही."

"मग सून! सुनेचं आणि माझं पटत नाही हे सगळ्या गल्लीला माहीतच आहे. उद्या न्यायालयातही सांगीन."

तर आरसा शिंपीदादांच्या सुनेला. तिने तो सासऱ्याला वापरू द्यावा की नाही हा तिचा प्रश्न.

कलम ६. किरकोळ हिशेब.

मेहुण्याला काही नाही. "काच म्हणजे शेवटी काय, वाळूच की," हे तो माझ्या लग्नात बोलला होता. जावयाला माझा रेडिओ, म्हणजे तो निदान स्वतः गाणार नाही. कवितांची पुस्तके, पहिलीपासून जपलेली, शाळेला विचारावे. शाळेने नको म्हटले तर कुठेही ठेवावीत, पण पुड्या बांधायला जाऊ देऊ नयेत. बँकेत जे काही निघेल ते मुलीचे.

कलम ७. मैत्री संपली तो दिवस.

दुकान विकल्यावर आणि मुलीची आई गेल्यावर मी रोज संध्याकाळी मागच्याकडे जात असे. त्याच्या ओसरीवर बसायचे, वहिनी चहा आणायच्या, मी बोलायचो. जुन्या गोष्टी, शाळा, कविता, कोण गेले, कोण राहिले. दिवे लागल्यावर घरी. अशी किती वर्षे गेली ते मोजलेले नाही. माझ्या दिवसाचा तेवढाच भाग मला दिवस वाटायचा.

एका सकाळी तो माझ्याकडे आला. इस्त्रीचा सदरा घालून आला होता, म्हणून मी आधी घाबरलो, वाटले कुणी गेले. तो हातांच्या खुर्चीत बसला.

"एक सांगायचं होतं."

"सांग की. अरे, पण आधी हे ऐक, काल मला पाचवीतली ती ढगांची कविता—"

"नको."

मी थांबलो. त्याने मला मध्येच तोडले असे पूर्वी झाले नव्हते.

"उद्यापासून संध्याकाळी येत जाऊ नकोस," तो म्हणाला. "आणि मीही येणार नाही."

"का रे? वहिनी काही बोलल्या?"

"नाही. ती तर म्हणते, येऊ द्या."

"माझं काही चुकलं?"

"अशी एक चूक काढून दाखवता येणार नाही."

"मग झालं काय?"

"मी दमलो रे."

"कशानं?"

"ऐकून."

मी हसलो. मला वाटले थट्टा आहे. तो हसला नाही. तो म्हणाला, "राग नाही. भांडण नाही. तुझं कुणी काही वाईट बोललं तर मला अजून सोसणार नाही. पण थोडे दिवस उरलेत, ते मला माझ्या घरात माझ्या आवाजात काढायचेत. नुसतं टाळत राहिलो असतो, आजारी आहे म्हणून सांगत राहिलो असतो, तर तुला फसवल्यासारखं झालं असतं. म्हणून सांगून संपवायला आलो."

"संपवायला म्हणजे? मैत्री काय दुकान आहे, फळी लावली नि संपलं?"

"दुकान तू विकलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस," तो म्हणाला. "हे मी तुला विचारत नाहीये. सांगतोय." मग उठला. जाताना खुर्ची होती तशी भिंतीला लावली.

भांडण असते तर मिटवले असते. मी माफी मागितली असती, चार माणसे मध्ये घातली असती, त्याच्या दारात जाऊन नाक घासले असते. न झालेले भांडण मिटवायचे कसे? त्याने माझ्या हातात धरायला काही ठेवलेच नाही.

कलम ८. मी केलेले प्रयत्न आणि आलेला निरोप.

मी त्याच्या घरासमोर जाऊन उभा राहिलो. भर दुपार होती. तो खिडकीत होता. ती खिडकी आम्हीच बसवलेली. थोड्या वेळाने बाहेर आला, मला वाटले जिंकलो. त्याने माझ्या हातात छत्री दिली. "उन्हात उभा राहू नकोस, चक्कर येईल," म्हणाला, आणि दार लावून घेतले. छत्री मुलीबरोबर परत केली.

मुलगी त्याच्याकडे जाते. लहानपणापासून काका म्हणून त्याच्या अंगाखांद्यावर वाढली, ती कशी थांबेल? मला ते खुपते, आणि ती गेली नाही तर त्याहून जास्त खुपेल. एकदा मी तिला म्हटले, "तू त्याची बाजू घेतेस."

"बाजू कसली बाबा? तुम्ही काकांना कधी विचारलंत, कसा आहेस म्हणून?"

"रोज विचारायचो! दारात पाय ठेवला की तेच!"

"आणि उत्तराला थांबायचात?"

"तो म्हणायचा ना, बरा आहे."

"ते मी म्हणायचे बाबा. काकूंकडे आलेली असले की, आतून. काका तोंड उघडायच्या आत तुमची कविता सुरू झालेली असायची." मग तिला वाईट वाटले आणि ती भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी परत घासत होती.

मृत्युपत्राचा निरोप घेऊन मी तिला पाठवले तेव्हा ती म्हणाली, "नाही म्हणाले तर?" मी म्हणालो, "तर ती जागा कोरी जाईल, कागद रद्द होईल, आणि तुझ्या नवऱ्याला रेडिओही मिळणार नाही." ती हसली, पण गेली. परत यायला तिला फार वेळ लागला.

"काका येतील," म्हणाली. "दोन अटी आहेत. एक, त्यांच्या नावे काही नको."

"नाहीच आहे."

"दुसरी, तुम्ही बोलायचं नाही. एक शब्द नाही. नमस्कारसुद्धा नाही. बोललात तर ते उठून जातील."

"लिहिलं तर चालेल?"

"बाबा!"

"नाही, विचारून ठेवलेलं बरं. तो एवढंच म्हणाला असेल, बोलायचं नाही. लिहायचं नाही असं कुठं म्हणाला?"

ती कपाळाला हात लावून बसली. मी याला होकार समजतो.

कलम ९. हे कलम मी सर्वांसमक्ष लिहीत आहे.

तो आला आहे.

वकीलबाई टेबलाच्या टोकाला, त्यांच्या डावीकडे शिंपीदादा, आणि माझ्यासमोर तो. मुलगी दाराशी. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, मलाही, सगळ्यांना केला तेवढाच. हातांची खुर्ची रिकामी होती, ती त्याने घेतली नाही. स्टूल ओढून घेतले. बारीक झाला आहे. कानांवरचे केस वहिनींनी कापले असावेत, एका बाजूला जास्त गेले आहेत. हे मला बोलून दाखवता येत नाही.

बाई म्हणाल्या, "आजोबा, मजकूर झाला असेल तर सही करू या." मी बोट वर केले, म्हणजे एक कलम राहिले आहे. तोंड उघडलेले नाही. मुलगी साक्षी आहे.

मी लिहीत असल्यामुळे बाकीच्यांना गप्पा मारणे आले. शिंपीदादांना शांतता सोसत नाही. त्यांनी मागच्याला विचारले, "काय हो, एवढ्या मोठाल्या काचा नेल्यात, कधी फजिती झाली की नाही?"

आणि तो बोलू लागला.

"एकदा नाट्यगृहाची काच नेत होतो," तो म्हणाला. "हा पुढं. कविता रंगात आलेली. नाट्यगृहाचं फाटक डावीकडं, आणि हा वळला उजवीकडं, शाळेच्या दारात. आत बक्षीससमारंभ. पाहुणे खुर्च्यांवर, पोरं सतरंजीवर. हा काच घेऊन मधल्या वाटेनं निघाला. लोकांना वाटलं हेच मोठं बक्षीस. टाळ्या पडल्या! मग ह्याला वाटलं, टाळ्या कवितेला आहेत. हा आवाज चढवतोय! व्यासपीठाला वळसा घालून मागच्या दारानं बाहेर."

बाई डोळे पुसत होत्या. शिंपीदादा टेबलावर थापा मारत होते, माझी रेघ वाकडी गेली ती त्यामुळे. मुलगी दाराला धरून हसत होती.

"अहो, पण तुम्ही थांबायचं ना!" बाई म्हणाल्या.

"थांबणार होतो," तो म्हणाला. "पण म्हटलं, बघू तरी, हा कुठवर जातो." त्याने जरा दम घेतला. "फार लांब गेला."

ही गोष्ट मी आयुष्यभर वेगळी सांगत आलो. माझ्या गोष्टीत ती जवळची वाट होती. टाळ्यांचे तर मी कुणाला सांगितलेच नव्हते. आणि तो किती छान सांगतो. कुठे थांबायचे, कुठे आवाज उतरवायचा, सगळे त्याला येते. मला "आठवतंय!" असे ओरडायचे आहे. मी दातांत पेनाचे टोपण धरले आहे.

शिंपीदादा भोळा माणूस. ते म्हणाले, "मग झालं की! हसलात ना दोघं? आता मिटवून टाका."

"हसलो," मागचा म्हणाला. "गोष्ट चांगली आहे, हसायलाच हवं. म्हणून उद्यापासून मी येणार, असं नाही शिंपीदादा."

मुलीने चहा आणला. त्याने कप घेतला आणि तिला विचारले, "लिहून झालं का त्याचं?"

झालेले नाही. आणखी वस्तू आहेत. अंगणातली बादली मुलीला. कपडे वाळत घालायची दोरी मुलीला. दाराशी असलेले पायपुसणे मुलीला. पायरीजवळची कुंडी, जिच्यात काही उगवत नाही, तीही मुलीला. खिडकीचे पडदे मुलीला, त्यांच्या कड्यांसह. स्वयंपाकघरातल्या बरण्या, झाकणे असलेल्या मुलीला, झाकणे नसलेल्याही तिलाच. दिव्याची जास्तीची वात, खिळ्यांचा डबा, मोडका चष्मा.

वकीलबाई म्हणाल्या, "आजोबा, आटपा."

मी लिहितो आहे तोवर तो बसला आहे. सही झाली की उठेल. बाईंनाही हे कळले असावे, कारण त्यांनी घड्याळ पाहिले आणि उलटे फिरवून ठेवले. त्याच्याही लक्षात आले आहे. चहा संपलेला आहे, तरी कप हातातच आहे.

तुळईला टांगलेला कंदील मुलीला. उंबऱ्याजवळची ओली छत्र्या ठेवायची पत्र्याची नळी मुलीला. जुनी वर्तमानपत्रे. भिंतीवरचा खिळा, ज्यावर काही टांगलेले नाही.

आता माझ्या घरात देण्यासारखे काही उरले नाही. जे द्यायचे होते ते ज्याला द्यायचे होते त्याला कायद्याने देता येत नाही, आणि कायदा नसता तरी त्याने ते घेतले नसते. त्याचे त्याला राहू द्यावे. माझ्या मागे कुणी त्याला बोलवायला, समजावायला, माझी आठवण सांगायला जाऊ नये. मुलीने काकांकडे जावे तशी जात राहावी, आणि तिथे ऐकावे.

हे कलम पुरे करतो आणि सही करतो. तो बघतो आहे.

ठिकाण: वर लिहिलेले घर, बाहेरची खोली. दिनांक वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातला आहे.

(सही) पुढचा, काचवाला

आम्ही खालील साक्षीदार. लिहून ठेवणाऱ्याने आमच्यादेखत, शुद्धीवर असताना, सही केली. साक्षीदारांनी आपला धंदा व लिहून ठेवणाऱ्याशी असलेला संबंध स्वतःच्या हाताने लिहावा.

साक्षीदार पहिला
(सही) शिंपी
धंदा: शिवणकाम
संबंध: शेजारी. आरशाशी काही संबंध नाही.

साक्षीदार दुसरा
(सही) मागचा
धंदा: काचवाला
संबंध: होता. चांगला होता.